अम्मीच्या बाजूनं

पावसाळा लागला की हबीबच्या हाताला काम उरत नसे. जळगावात उन्हाळाभर कूलरवाल्याला जेवढा मान मिळतो तेवढा जावयालाही मिळत नसेल. मेहरूणमधल्या त्याच्या दुकानापुढं माणसं खोळंबून उभी राहत, पंपाचं पाणी वर का चढत नाही म्हणून हुज्जत घालत, आणि हबीब तोंडात स्क्रू धरून कुणालाच धड उत्तर देत नसे. तोच हबीब जुलैत भरदुपारी घरी येऊन बसे. रिकामा नवरा घरात बसला की त्याला काहीतरी दुरुस्त करायची हुक्की येतेच. कूलर नसले तर पोरांचा अभ्यास.

आता अभ्यास म्हणजे शहनाजचं राज्य. त्यात हबीबनं आजवर बोट घातलं नव्हतं. दोन्ही मुलं मराठी शाळेत घालायची हा निर्णय मात्र त्याचाच. त्याची स्वतःची उर्दू शाळा नववीत सुटली होती आणि पुढं जिथं जिथं कागदपत्रं घेऊन जावं लागलं तिथं तिथं मराठीनं त्याची फजिती केली होती. "दफ्तर में सब मराठीच चलता," एवढं बोलून त्यानं थोरल्या हसनैनला पहिलीत टाकलं. निर्णय घ्यायला वेळ लागतोच किती? निभवायचं आलं बायकोच्या वाट्याला.

शहनाज धुळ्याची. तिथल्या उर्दू शाळेत बारावीपर्यंत शिकलेली, आणि पहिला नंबर कधी सोडला नाही असं तिची आई अजून येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवते. मराठी तिला बाजारापुरती यायची. हसनैन पहिलीत गेला तेव्हा तीही त्याच्याबरोबर पहिलीत गेली म्हणायला हरकत नाही. सकाळी तो शाळेत गेला की ती त्याच्या पुस्तकातला पुढचा धडा काढून बसे. 'ळ' आणि 'ण' यांनी तिला फार छळलं. पण ती चिवट. पोरगा एका धड्यावर असला की ती दुसऱ्यावर, आणि पोरगा दुसऱ्यावर आला की ती तिसऱ्यावर. संध्याकाळी चटई टाकायची, मुलांना दोन बाजूंना बसवायचं, आणि चटईवर असेपर्यंत मराठीतच बोलायचं, हा तिचा कायदा. चटईवरून उठलं की मग काय हवं ते बोला.

हा कायदा हसनैननं चौथीपर्यंत पाळला. चौथीच्या मधेच कधीतरी तो दप्तर घेऊन आतल्या खोलीत जाऊन बसला आणि म्हणाला, "माझं मी करतो." शहनाजनं मनाची समजूत घातली, की पोरगं मोठं झालं. आता तो आठवीत. शाळेच्या खो-खोच्या संघात होता. पहाटे मेहरूणच्या तलावाला पळत चकरा मारायचा, आणि गुडघे फोडून घेऊन घरी यायचा. शहनाज त्याला भिजवलेले हरभरे द्यायची, गुडघ्याला हळद लावायची, विज्ञान प्रदर्शनासाठी हबीबकडून जुना पंप मागून आणायची. पण वही तो दाखवत नसे. पालकसभेत मॅडमनं तिला काही विचारलं तर ती तोंड उघडायच्या आतच हाच उत्तर देऊन टाकायचा. तिला त्याचा राग येई आणि रागापेक्षा वाईट जास्त वाटे.

उरला धाकटा, अफ्फान. तो आता चौथीत आला होता. चौथी हा त्यांच्या घरात काही बरा वर्ग नव्हता.

आणि याच वर्षी हबीबला हुक्की आली. दुकानाच्या गल्लीत अभिमन सरांचा क्लास होता. शाळा सुटली की पोरं थेट तिकडं जात आणि पार अंधार पडल्यावर घरी येत. हबीबची आणि सरांची चहाच्या टपरीवर दोस्ती झाली. घरी येऊन त्यानं जाहीर केलं, "छोटे को क्लास लगाते. मास्टर आदमी के हाथ में रहे तो बच्चे सुधरते."

"अफ्फानला क्लास कशाला?" शहनाज चटईवर होती म्हणून मराठीतच बोलली. "मी आहे ना."

"तू है वो ठीक है," हबीब म्हणाला. त्या 'ठीक है'मध्ये ठीक असं काही नव्हतं. "पहली टेस्ट का पेपर आने दे. मराठी में अच्छा आया तो तेरे पास. नै तो सर के पास."

शहनाजनं पैज कबूल केली. का करणार नाही? अफ्फानचं अक्षर मोत्यासारखं, पाढे तोंडपाठ, कविता चालीत. चौथीला नवीन होतं ते एकच. तिसरीपर्यंत एका चित्राचं वर्णन लिहायचं असे. आता चार चित्रं ओळीनं देत आणि त्यांच्यावरून गोष्ट लिहायला सांगत. शहनाजनं वर्तमानपत्रांच्या मुलांच्या पानांवरून अशा चित्रपट्ट्या कापून जमवल्या आणि रोज एक याप्रमाणे त्याच्याकडून गोष्टी वदवून घेतल्या. कधी एखादी गोष्ट जरा चमत्कारिक निघे. फुटलेला माठ सांधला जाई, पडलेला माणूस झाडावर चढून बसे. शहनाज म्हणे, पेपरवाल्यांना चित्रंसुद्धा नीट काढता येत नाहीत. अफ्फानला तर अशाच गोष्टी जास्त आवडायच्या.

पेपर हातात आला आणि शहनाज बघतच राहिली. बाकी सगळं बरोबर. व्याकरण बरोबर, उतारा बरोबर. चित्रांवरची गोष्ट मात्र लाल शाईनं कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत छाटलेली, आणि खाली शेरा: 'कथा उलटी लिहिली आहे.' सगळ्यात जास्त गुणांचा प्रश्न तोच. तेवढ्यानं अफ्फान वर्गात बराच खाली गेला होता.

"उलटी म्हणजे काय?" तिनं विचारलं.

अफ्फाननं खांदे उडवले. "मी तर बरोबर लिहिली. बघ ना."

तिनं चित्रं पाहिली. तिला तर गोष्ट लख्ख दिसत होती. एक मुलगा आणि एक कुत्र्याचं पिल्लू, शेजारी रिकामा डबा. मग मुलगा आणि पिल्लू डब्यातली पोळी खाताहेत. मग मुलगा रस्त्यानं निघालाय आणि पिल्लू तिथंच कडेला बसलंय. आणि शेवटी घराच्या दारात आई, मुलाच्या हातातला डबा घेतेय. अफ्फाननं हेच लिहिलं होतं. शेवटचं वाक्यही छान होतं: 'मुलगा कुत्र्याला सोडून घरी आला आणि आईला खूप आनंद झाला.'

हसनैन सरावाहून येऊन पाणी पीत उभा होता. त्यानं वरूनच पेपरात डोकावलं, आणि त्याला ठसका लागला.

"अम्मी," तो म्हणाला, "इथून बघायचं. डावीकडून."

त्यानं बोट ठेवलं. दारात आई मुलाला डबा देतेय. मुलगा रस्त्यानं निघाला, कडेला उपाशी पिल्लू दिसलं. मुलानं त्याला आपली पोळी दिली. डबा रिकामा झाला आणि पिल्लू मुलाच्या सोबतीला आलं. प्राण्यांवर दया करा, असा सगळा प्रकार. शहनाजच्या बाजूनं तीच गोष्ट अशी होती, की मुलानं पोळी खाल्ली, पिल्लाला रस्त्यात टाकलं आणि घर गाठलं.

शहनाजला आधी हसूच फुटलं. अक्षरं असली की तिचे डोळे आपोआप डावीकडे जात. तेवढी मराठी तिनं डोळ्यांत मुरवली होती. पण नुसती चित्रं दिसली की डोळे आपल्या जुन्या वाटेनं, धुळ्याच्या शाळेत लागलेल्या वळणानं, उजवीकडून निघत. चित्रांना आकडे नव्हते. मग तिला कुणी कसं सांगणार?

"तुला बरं पटकन कळलं," ती हसनैनला म्हणाली.

हसनैननं ग्लास खाली ठेवला. "मलापण तू असंच शिकवलं होतं. चौथीत. मी वर्गात उभं राहून सांगितली गोष्ट, सगळे हसले. मग मी बाकीच्या पोरांचं बघून सुधारलं."

शहनाजचं हसू तिथंच थांबलं. "मला का नाही सांगितलंस?"

"काय सांगू? तू एवढी खूश होती शिकवताना." तो आत निघाला, पुन्हा वळला. "आणि मला वाटलं, अजून काय काय उलटं असंल, काय माहीत."

तो आत गेला. शहनाज पेपर हातात धरून बसून राहिली. पोरगं मोठं झालं म्हणून उठून गेलं, अशी इतकी वर्षं तिनं स्वतःची समजूत घातली होती. ते तिच्यावरचा भरवसा उडाला म्हणून गेलं होतं, आणि तिची कीव येऊन त्यानं ते सांगितलंसुद्धा नव्हतं. हे तिला फार लागलं. पोरानं तोंडावर भांडण केलं असतं तर परवडलं असतं, असं तिला वाटलं.

हबीबनं पेपर पाहिला, खाली ठेवला. त्यानं चप्पल घातली. अभिमन सरांकडे निघाला हे न विचारता कळत होतं. शहनाज दारात आडवी उभी राहिली. "मैं पहले मॅडम को मिलती. फिर जाओ."

दुसऱ्या दिवशी ती शाळेत गेली, एकटी. हसनैनला तिनं मुद्दाम सांगितलं नाही. अफ्फानला शिकवणाऱ्या हेमलता मॅडम वर्गावर होत्या, म्हणून ती व्हरांड्यातल्या बाकावर बसून राहिली. शाळा सुटली, आया आपापली पोरं घेऊन गेल्या, आणि शिपाईण भागाबाई झाडू घेऊन आली.

"ओ ताई, बठ्ठ्या बाया घर गयात, तू आठेच बठेल शे का?" भागाबाईनं अहिराणीत विचारलं. सगळ्या बाया घरी गेल्या, ही एकटीच इथं का बसलीय, हे तिला कळेना.

"मॅडमशी बोलायचंय."

"मंग बोल ना. मॅडम काय वाघ शे का?" असं म्हणून तिनं स्वतःच वर्गाचं दार उघडून दिलं.

हेमलता मॅडम वह्यांच्या गठ्ठ्यामागं बसल्या होत्या. शहनाजनं पेपर पुढं ठेवला आणि घरून जुळवून आणलेली वाक्यं एकामागून एक बोलून टाकली. चूक मुलाची नाही, माझी आहे. मी उर्दू शाळेत शिकले. उर्दू उजवीकडून लिहितात. मी चित्रं उजवीकडून बघितली आणि त्यालाही तशीच शिकवली. 'आणि'तला 'ण' जरा अडला, पण निघाला.

मॅडम पेपराकडे पाहत होत्या. मग त्यांनी तो उचलला, डोळ्यांसमोर धरला आणि उजवीकडून एकेक चित्र पाहत गेल्या. मोठ्यानं हसल्या. त्या हसण्यात वाईट काही नव्हतं.

"अहो, ही तर बरोबर गोष्ट आहे! मला वाटलं, पोरगं चावट आहे, मुद्दाम कुत्र्याला हाकलून देतंय." मग त्या जरा गंभीर झाल्या. "पण ताई, गुण नाही देता येणार. बाकीची मुलं काय म्हणतील?"

"गुण नकोत." शहनाजनं क्लासचं सांगितलं, नवऱ्याचं सांगितलं. अफ्फान क्लासला गेला तर मग माझ्याकडे कोणीच उरत नाही, हेही तिच्या तोंडून निघून गेलं. ते तिनं घरून जुळवून आणलेलं नव्हतं.

मॅडमनी थोडा विचार केला. "शनिवारी पालकसभा आहे. तेव्हा मी मुलांची तोंडी घेणारच आहे. त्याला नवीन चित्रं देते. नीट सांगितली गोष्ट, तर तुमच्या मिस्टरांशी मी बोलते. क्लासची गरज नाही, असं मीच सांगेन. मग झालं?"

शनिवारपर्यंतचे दिवस शहनाजनं अफ्फानला उलटं करण्यात, म्हणजे सुलटं करण्यात घालवले. हे काम भारी किचकट निघालं. कारण नुसता पोरगा नव्हे, तीसुद्धा सुधारायची होती. चित्रपट्टी समोर आली की तिचेच डोळे आधी उजवीकडे पळत. मग तिनं युक्ती काढली. पट्टीची उजवी बाजू स्वतःच्या तळहातानं झाकायची आणि हात हळूहळू सरकवत न्यायचा. जुन्या सगळ्या पट्ट्या त्यांनी पुन्हा काढल्या. सांधलेला माठ फुटला, झाडावर बसलेला माणूस धाडकन पडला. अफ्फान हिरमुसला.

"आधीच्याच चांगल्या होत्या गोष्टी," तो म्हणाला.

"असतील. पण या बरोबर आहेत."

प्रत्येक पट्टीला तो न चुकता विचारायचा, "अम्मीच्या बाजूनं का मॅडमच्या बाजूनं?" आणि शहनाज प्रत्येक वेळी सांगायची, "मॅडमच्या." पहिल्यांदा हा प्रश्न ऐकून ती हसली होती. नंतर नंतर तिला ते उत्तर द्यायला जड जाऊ लागलं, तरी तिनं ते चुकवलं नाही. शुक्रवारी अफ्फाननं विचारलंच नाही. पट्टी घेतली, डावीकडून सुरू केली आणि गोष्ट सांगून मोकळा झाला. तिचा हात झाकायला पुढं आला होता, तो त्यानं बाजूला केला.

"दिसत नाही ना मला," तो म्हणाला.

शनिवारी हबीब इस्त्रीचा शर्ट घालून आला. वर्गात लहान बाकांवर मोठी माणसं गुडघे दुमडून बसली होती. हसनैनही आला, आणि या वेळी आईशेजारी न उभा राहता मागं दाराशी थांबला. अफ्फानचा नंबर आला. मॅडमनी पट्टी दिली. केळीचा बाग, वारा, आडवी पडलेली झाडं आणि शेजारी मिळून ती उभी करताहेत, असं काहीतरी होतं. शहनाजचे डोळे सवयीनं उजवीकडे गेले आणि तिनं ते घट्ट मिटूनच घेतले. तिला आता फक्त ऐकायचं होतं.

अफ्फाननं गोष्ट सांगितली. घाई नाही, अडखळणं नाही. वारा कसा सुटला ते सांगताना त्यानं आवाज मोठा केला, झाडं पडली तिथं बारीक केला. 'केळीचा' म्हणताना 'ळ' असा खणखणीत उच्चारला की मागच्या बाकावरच्या एका आजोबांनी मान डोलावली. गोष्ट संपल्यावर सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. शहनाजनं डोळे उघडले. सगळ्यांच्या थांबल्या तरी तिच्या टाळ्या चालूच होत्या.

हबीब उठून मॅडमपाशी गेला. "तो मॅडम, क्लास लावायचा का नाही?"

"कशाला?" हेमलता मॅडम म्हणाल्या. त्यांनी शहनाजकडं पाहून डोळ्यांनीच 'बघा, दिला शब्द पाळला' असं सांगितलं. "मुलगा हुशार आहे. त्याचा तो अभ्यास करतो. क्लास नको, काही नको. घरीसुद्धा कुणी मागं बसायची गरज नाही आता. सोडा त्याला मोकळा."

मॅडमना वाटलं, आपण या बाईला हवं ते सगळं दिलं, आणि वर थोडं जास्तही दिलं.

हबीबची छाती फुगली. त्यानं अफ्फानच्या पाठीवर थाप मारली आणि शहनाजकडं वळून म्हणाला, "सुना? किसी की जरूरत नै बोल रही मॅडम."

"सुना," शहनाज म्हणाली.

ती जिंकली होती. क्लास टळला होता. रस्त्यानं येताना हसनैन तिच्या बाजूनं चालत होता. मधेच तो म्हणाला, "चांगलं शिकवलं तू त्याला." इतक्या वर्षांत त्यानं असं काही म्हटलं नव्हतं. तिनं मान हलवली. एवढी मोठी गोष्ट पदरात पडूनही तिच्या कानात मॅडमचं 'कुणी मागं बसायची गरज नाही' हेच घुमत होतं, आणि ते त्याला सांगायची सोय नव्हती.

सोमवारी संध्याकाळी अफ्फाननं दप्तर उचललं आणि आतल्या खोलीत भावाच्या खाटेवर जाऊन बसला. त्यात रुसवा नव्हता, तोरा नव्हता. मॅडमनी सांगितलं होतं, म्हणून. थोड्या वेळानं आतून दोघा भावांचं कशावरून तरी हसणं ऐकू आलं. शहनाज स्वयंपाकघरात गेली. भाजी चिरली, कणीक मळली, डाळीला फोडणी दिली. करायला दुसरं काही नव्हतं, म्हणून सगळं भराभर झालं.

हबीब दुकान बंद करून आला तर ताटं मांडलेली. अभ्यासापायी या घरात जेवायला रोज उशीर होई आणि त्यावरून त्याची रोज कुरकुर असे. तो हात धुऊन बसला. पोरांना हाक मारली. गरम पोळीचा तुकडा मोडून खूश होऊन म्हणाला, "वा! आज खाना टाइम पे!"

"हो," शहनाज त्याला वाढत म्हणाली, आणि चटईवर नसतानाही बोलली ते मराठीतच. "आता रोज वेळेवर होईल."